सटवाजी निळाऱ्याचा रांजण

माणदेशाच्या अंगाला उंबरखळं नावाचं एक गाव आहे. गाव लहान, पण त्याची रंगारआळी मोठी. गावाबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला, जिथं माणसांपेक्षा बाभळीच जास्त, तिथं एका जुन्या चिंचेखाली महाराज येऊन राहिले होते. त्यांचं मूळ नाव काय, घराणं कोणतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. चिंचेखाली बसतात म्हणून लोक त्यांना चिंचेचे महाराज म्हणू लागले. अंगावर एक घोंगडं, पुढ्यात धुनी आणि मुखात अखंड नाम. कुणी भाकरी आणली तर खात, नाही आणली तर चिंचेचा कोवळा पाला चघळून हसत. अशा त्या दयाघन माऊलीनं सटवाजी निळाऱ्याला कसं तारलं, त्याची ही कथा. तारलं म्हणतो खरं. पण भक्तहो, बुडत्याला ओढून काढताना काढणाऱ्याची पकड किती दुखते, ते बुडत्यालाच विचारावं.

उंबरखळ्याच्या रंगारआळीत सगळे रंग निघत. हळदीचा पिवळा निघे, पण तो उन्हात उडे. पळसाच्या फुलांचा केशरी दोन धुण्यांत जाई. डाळिंबाच्या सालीचा रंग टिके, आल नावाच्या झाडाच्या मुळीचा तांबडा तर तुरटी चांगली बसली की सुताबरोबरच मरे. हे सगळे रंग उकळले की निघतात. नीळ मात्र तशी नाही. तिला जमिनीत पुरलेल्या रांजणात घालायचं, चुन्याची निवळी, गूळ, शिजवलेलं टाकळ्याचं बी द्यायचं, ऊब राखायची आणि वाट बघायची. दह्यासारखं तिला जुनं विरजणही लागतं. रांजण आला की पाण्यावर तांब्यासारखी साय धरते, वर निळा फेस फुलतो. त्यात बुडवलेली लोकर बाहेर काढली की आधी हिरवी दिसते आणि बघता बघता वाऱ्यानं निळी होते. निळारी म्हणत, रांजणाला जीव असतो. आणि जीव आहे म्हटल्यावर तो कधीतरी जाणारच.

असा रांजण बिघडला, तर त्यावर आळीत एक पिढीजात उपाय होता. निळाऱ्यानं बाजारात जायचं आणि एक सणसणीत थाप सोडायची. अमक्याच्या विहिरीला दूध लागलं, तमक्याच्या म्हशीला माणसाचं पोर झालं. लोक जितके फसतील तितका रांजणाला जोर येतो, अशी पक्की समजूत. गावात कुणी भलतीच बातमी आणली की म्हातारी माणसं आधी विचारीत, "कुणाचा रांजण बिघडलाय रे?" एवढं असूनही लोक फसतच. आपल्या माणसाचं नाव कानावर आलं की शहाणपण कुठं शिल्लक राहतं!

सटवाजी निळारी बारा वर्षं थापेवाचून राहिला होता. त्याला आळी "खऱ्याचा सटवाजी" म्हणून चिडवी. का राहिला होता, ते त्याच्या बायकोलाही, कोंडाईलाही, ठाऊक नव्हतं. ते तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे पुढचं त्याचं दुःख कळेल.

बारा वर्षांपूर्वी श्रावणात त्याचा रांजण बिघडला होता. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. आळीतली चार माणसं गाडीनं देवाच्या डोंगराला गेली होती. सटवाजीनं बाजारात थाप सोडली की, गाडी नदी ओलांडताना उतारात वाहून गेली. धर्माजी चौधऱ्याची आई चिमाई तेव्हा डाळिंबाच्या सालींची पाटी घेऊन रस्त्यानं चालली होती. तिचा एकुलता एक धर्मा त्या गाडीत होता. थाप कानावर येताच ती सटवाजीच्या दारात आली. म्हणाली, "सटवा, कुणी सांगितलं तुला?" आणि त्या करंट्याच्या तोंडातून निघून गेलं, "म्या सोता बघितलं." कारण थाप अर्धी सोडली तर रांजण येत नाही ना! चिमाईनं पाटी त्याच्या उंबऱ्यावर ठेवली. "येवढं सांभाळ, आलेच," म्हणाली आणि नदीकडे पळत सुटली.

सटवाजी आधी हसला. मग ती खरंच नदीकडे वळलेली बघून तो मागं धावला. त्याला काठ दिसला, गढूळ पाणी दिसलं, आणि पाण्यात एकदाच लुगड्याचा पदर दिसला.

त्या संध्याकाळी रांजणावर अशी साय धरली की तशी पुन्हा कधी धरली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी सुखरूप परत आली. लोक थापेला हसले आणि विसरले. बाजारातल्या थापेला बाप नसतो. चिमाई नेहमी म्हणायची, "एकदा काशी करीन, कुणाला न सांगता जाईन." म्हणून सगळ्यांनी ठरवलं, म्हातारी काशीला गेली. धर्माजीनंही तेच धरलं. आईसाठी आणलेला चुडा त्यानं देवळीत ठेवला आणि तो वाट बघू लागला. एक वर्ष झालं, पाच झाली, बारा झाली. माणूस बारा वर्षं परतलं नाही की पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे. भटजींनी आठवण करून दिली, तर धर्माजीनं त्यांना दारातून हाकललं. "माझी आई काशीत हाय!" तो वाट बघत बघत आळीचा म्होरक्या, चौधरी झाला, पैलवानासारखा आडवा झाला, आणि जिभेनं तर तिखटच झाला.

चिमाई बुडाली त्याच श्रावणात सटवाजी महाराजांकडे गेला होता. पायांवर पडून सगळं सांगणार, तोच महाराज म्हणाले होते, "मला सांगू नकोस. ज्याचं आहे त्याच्या दारात उतरव. तोवर तोंडातून खोटं काढू नकोस." दोन गोष्टी सांगितल्या होत्या महाराजांनी. सटवाजीनं त्यातली सोपी तेवढी पाळली. खोटं बोलला नाही. आणि खरंही सांगितलं नाही. चिमाईची पाटी त्यानं माळ्यावर लपवली. तिच्या काठाला तांबड्या चिंधीचा वेढा होता. बारा वर्षं त्यानं ती ना वापरली, ना जाळली.

आणि आता रांजण पुन्हा बिघडला.

वाघू धनगर बिरोबाच्या घोंगडीची लोकर घेऊन आला होता. कोकरांचं पहिलं जावळ ते, कापसासारखं पांढरं. जत्रेला देवाच्या अंगावर निळ्या काठाची घोंगडी चढते आणि ती लोकर रंगवण्याचा मान सटवाजीच्या घराण्याचा, आजोबापासूनचा. जत्रा चार दिवसांवर होती. सटवाजीनं झाकण काढलं, तर आत काळपट पाणी आणि कुजका वास. त्यानं गूळ घातला. ऊब दिली. मग घाबरून त्यानं निळाऱ्यानं कधी करू नये ते केलं, चुन्याची निवळी दुप्पट ओतली. रांजण जो निपचित पडला, तो पडलाच. लोकरीची एक लड बुडवून पाहिली, तर ती मळकट होऊन बोटात तुटली.

"चौधऱ्याकडून विरजण आणा की मागून," कोंडाई म्हणाली.

सटवाजी गेला. धर्माजी ओट्यावर पान लावत बसला होता, भोवती चारजण.

"विरजण?" धर्माजी म्हणाला. "देतो की. पर आधी आळीची रीत. थाप मार. बारा वरसं तू आमाला लबाड ठरवून बसलायस. तू येकटा खरा आन आमी सगळे चोर काय रं?"

"धर्मा, मला न्हाई जमायचं."

"जमतंय, जमतंय. मी सांगतो तुला थाप. बाजारात जा आन सांग, चिंचेचे महाराज मेले. सारा गाव बोंबलंल, आन सांजच्याला तुझा रांजण उतू जाईल!" सगळे खदाखदा हसले. "परवाच्या बाजारापतूर वाट बघतो. न्हाईतर देवाची लोकर माझ्या दारात. आन आळीत कुणी ह्याला विरजण दिलं, तर माझ्याशी गाठ हाय."

सटवाजी मान खाली घालून घरी आला. कोंडाईनं सगळं ऐकलं आणि ती रडकुंडीला आली. "मग बोला की एकडाव! महाराजांना काय व्हतंय त्यानं? नुसत्या बोलण्यानं माणूस मरतंय व्हय?"

"मरतंय, कोंडे," सटवाजी म्हणाला.

 त्या घरात मग चूल पेटली तरी जेवण कुणाला गेलं नाही. सटवाजी रांजणाशी बसून राहिला. त्याला रांजणाचा राग येईना, धर्माजीचाही येईना. हे एक ना एक दिवस होणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ते झालं होतं. अरेरे, माणसाला शिक्षेचीसुद्धा वाट बघावी लागावी!

दुसऱ्या दिवशी तो चिंचेखाली गेला. महाराज धुनीजवळ बसून होते.

"रांजणात काय घातलंस रे?" महाराजांनी आपणहून विचारलं.

"नीळ घातली, महाराज. चुना, गूळ, टाकळ्याचं बी."

"आणि?"

"आनखी काय न्हाई."

"आहे," महाराज म्हणाले. "बारा वर्षांपासून आहे. ते काढ."

"धर्माला कळलं तर तो मरंल, महाराज! त्येचा सगळा जीव त्या वाटंवर हाय. आन मला त्यो जित्ता ठेवनार न्हाई."

महाराजांनी धुनीत एक काटकी सारली आणि डोळे मिटून घेतले. सटवाजी बराच वेळ बसला. महाराजांनी डोळे उघडले नाहीत, अंगारा दिला नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. ज्याच्या भरवशावर बारा वर्षं काढली त्यानंही दार लावून घेतलं, असं त्या बापड्याला वाटलं. परत येताना तो नदीच्या उतारात थांबला. नदी आटलेली होती, घोट्याएवढं पाणी. जीव द्यायचा म्हटला तरी त्यात देता आला नसता.

बाजाराचा दिवस उजाडला. धर्माजीनं सकाळपासून दवंडी दिल्यागत करून ठेवलं होतं. "खऱ्याचा सटवाजी आज थाप मारणार!" पिंपळाच्या पाराभोवती ही गर्दी! सूर्य डोक्यावर आला तेव्हा सटवाजी आला. डोक्याला काही नाही, पायांत काही नाही, काखेत मात्र फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. तो पारावर चढला. 

"बोला, बोला!" लोक ओरडले.

"मंडळी," सटवाजी म्हणाला, "चिमाई काशीला गेली न्हाई. गाडी वाहून गेली, ही थाप त्या वक्ताला मी मारली व्हती. चिमाई धर्माला हुडकाया नदीत गेली. तिथंच गेली. मी बघितलं, आन बारा वरसं गप बसलो."

 आणि मग, काय सांगू भक्तहो, लोक हसले! कुणी शीळ घातली, कुणी "वा रं पठ्ठ्या!" म्हणून टाळी दिली. "बारा वरसं साठवलीवती काय रं ही थाप?" जन्मभर ज्या पारावर खोटं ऐकलं, तिथं खरं ओळखायचं तरी कसं? जे सांगायला त्यानं बारा वर्षं घेतली होती, त्याची गंमत झाली. सटवाजी वेड्यासारखा म्हणत राहिला, "खरंय हो, खरंय," आणि तो जितकं म्हणे तितके लोक अधिक हसत.

धर्माजी मात्र हसत नव्हता. तो लाल होऊन पुढं आला. "माझ्या आईच्या नावानं थाप मारतोस? जीभ हासडीन!"

सटवाजीनं फडकं सोडलं आणि पाटी पारावर ठेवली. काठाला तांबड्या चिंधीचा वेढा, आत बारा वर्षांत वाळून दगड झालेल्या डाळिंबाच्या साली.

"'येवढं सांभाळ, आलेच' म्हणाली व्हती," सटवाजी म्हणाला.

ती चिंधी धर्माजीच्याच लहानपणच्या मुंडाशाची होती. पाटीचा काठ लागतो म्हणून आईनं त्याच्यादेखत गुंडाळली होती. त्यानं वेढ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यानं शेजारच्या गाड्याची खुंटी उपसली आणि तो सटवाजीच्या घराकडे धावला. माणसाला मारण्याआधी त्याला तो रांजण फोडायचा होता, ज्याच्यासाठी आई गेली. मागोमाग सटवाजी, मागोमाग अर्धा बाजार.

कोंडाई दारातच बसली होती. धर्माजीनं तिला ओलांडून झाकण भिरकावलं, खुंटी उगारली, आणि तो तसाच थांबला.

रांजण आला होता! तांब्यासारखी साय काठापर्यंत चढली होती, मधोमध निळा फेस फुलला होता. कडेला हात लावला तर ऊब. दोन दिवसांत तिथं शेणी पेटली नव्हती.

"कोन आलं व्हतं?" सटवाजीनं विचारलं.

"कुनीबी न्हाई," कोंडाई म्हणाली. "दुपारच्याला आतनं ढवळल्यागत वाजलं. मला वाटलं, माझंच डोस्कं फिरलं."

धर्माजीच्या हातातली खुंटी गळाली. त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. "रांजण आला," तो म्हणाला. "आला की! म्हंजे थापच व्हती ती! थापंनंच येतुया रांजण, बापजाद्यांपासून येतुया. ऐकलंत का रं? थाप व्हती! माझी आई हाय!" त्यानं सटवाजीचे दोन्ही खांदे धरले. "सटवा, येकडाव म्हण, थाप व्हती. तुला सगळं माफ. विरजण घे, मान घे, चौधरकी घे. म्हण, थाप व्हती."

एवढा धिप्पाड माणूस गयावया करत होता. एक शब्द, आणि त्याला आई परत मिळत होती! सटवाजीला वाटलं, द्यावी. आपण जी नेली ती आपणच परत द्यावी, खोटी तर खोटी. त्याच्या ओठावर ते आलंही. पण ज्या खोट्यानं म्हातारी नदीत गेली, तेच खोटं पुन्हा तिच्या लेकाच्या हातात द्यायचं?

"न्हाई रं धर्मा," तो म्हणाला आणि हमसून हमसून रडू लागला. "थाप न्हवती."

"चल महाराजांकडं!" धर्माजी ओरडला. "ज्यांच्यापुढं खोटं चालत न्हाई, त्येंच्या तोंडून ऐकू दे मला!" त्यानं पाटी उचलून छातीशी धरली आणि सटवाजीला दंडाला धरून ओढत नेलं.

महाराज चिंचेखाली बसले होते. डाव्या हातानं माळ ओढत होते. उजवा हात त्यांनी गुडघ्यावर उताणा ठेवला होता. तो हात कोपरापर्यंत निळा होता! नखं निळी, रेषा निळ्या, आणि मनगटावरून अजून एक थेंब घोंगड्यावर पडत होता. तिथं झाडलोट करणारी म्हातारी सांगू लागली, "दुपारी म्हाराज डोळं मिटून बसलं, आन हात खाली घालून गोल गोल फिरवाया लागलं. इचारलं तर म्हणालं, 'एकाचं ओझं उतरलंय, एवढं ढवळून देतो.'"

सटवाजीनं ते ऐकून हात जोडले. ज्यांनी दार लावलं असं तो समजला होता, ते त्याच्या घरात बसून होते.

धर्माजी त्या हाताकडे बघत राहिला. "म्हंजे थापंनं न्हाई आला," तो हळूच म्हणाला.

"नाही, बाळ," महाराज म्हणाले. "थापेनं कधीच आला नव्हता. तुमचाही नाही, तुमच्या बापजाद्यांचाही नाही."

"मग माझी आई…"

"काशीत नाही. ती तुझ्यासाठी धावत गेली. पाण्यात ती एकटी नव्हती रे. हाच हात होता तिच्या हातात."

"मग वर का न्हाई काढली?" धर्माजी ओरडला. "तुमचा हात व्हता तर का न्हाई काढली?"

इथं कथा सांगणारे पुष्कळ उत्तरं घालतात. मला ज्यांनी ही कथा सांगितली त्यांनी घातलं नव्हतं, मीही घालत नाही. महाराजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

धर्माजीनं ते पाणी पाहिलं. बारा वर्षांत त्याच्या आईसाठी दुसरं कुणी रडलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. मग त्याला काय काय आठवलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानंही आयुष्यात थोड्या थापा सोडल्या नव्हत्या. कुणाकुणाची आई धावली असेल, त्यानं कधी मागं वळून पाहिलं होतं? मुंडासं काढून त्यानं महाराजांच्या पायांवर ठेवलं आणि त्यावर डोकं ठेवलं.

"म्या तुमच्या मरणाची थाप सोडाया सांगितली व्हती, महाराज."

"ती कसली थाप!" महाराज म्हणाले. "आज ना उद्या खरीच व्हायची." आणि तो निळा हात त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला.

बऱ्याच वेळानं धर्माजी उठला.  बाभळींच्या पलीकडे एक पळस होता, त्याची पानं त्यानं ओंजळभर तोडली. नदीकडे निघताना तो परत फिरला, आणि छातीशी धरलेली पाटी त्यानं सटवाजीच्या हातात दिली.

"येवढं सांभाळ," तो म्हणाला. "आलोच."

सटवाजी पाटी घेऊन तिथंच उभा राहिला. ऊन कललं, माणसं पांगली, वाघू धनगर लोकरीसाठी दोनदा हाक मारून गेला, तरी तो जागचा हलला नाही. नदीकडच्या वाटेवरून त्यानं डोळा काढला नाही. चिमाईची वाट त्यानं त्या दिवशी बघितली नव्हती, ती तो आता बघत होता.

आणि धर्माजी आला. पानांच्या देहाला अग्नी देऊन आलेला, ओला, उघडा, डोक्यावरचे केस उतरवलेला. त्यानं सटवाजीच्या हातातली पाटी घेतली, आणि घेता घेता त्याच्या पायांशी वाकला.